बालाघाटच्या सीमेवरचे गणित

गोंदियापासून बालाघाट अवघे चाळीस किलोमीटर. वाघ आणि बावनथडी या नद्या या भागात बऱ्याच अंतरापर्यंत महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यामधील सीमा होऊन वाहतात. दोन्ही तीरांवर भाताचीच शेती, दोन्हीकडे पोवार, कुणबी, लोधी, गोंड यांचीच वस्ती, आणि सोयरीकही अलीकडची पलीकडे जुळणारी. पण अलीकडच्या शाळेतले मूल 'अपूर्णांक' शिकते आणि पलीकडच्या शाळेतले त्याचेच मामेभावंड 'भिन्न' शिकते. एकाचा 'काटकोन' तो दुसऱ्याचा 'समकोण'. एकाचे 'मुद्दल' ते दुसऱ्याचे 'मूलधन'. एक 'लसावि' काढतो, दुसरा 'लघुत्तम समापवर्त्य' काढतो. गणित एकच आहे, उत्तरही एकच येते. परंतु सीमेपलीकडे मराठी किंवा पोवारी बोलणाऱ्या घरातून जे मूल हिंदी शाळेत जाते, त्याच्या कानी 'भिन्न' हा शब्द पडतो तेव्हा त्यास 'वेगळे' एवढाच अर्थ ठाऊक असतो. आणि 'समकोण' ऐकून नव्वद अंशांचा बोध व्हावा असे त्या शब्दात त्याच्यापुरते काहीही नसते.

गणितशिक्षणाच्या स्थितीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा अभ्यासक्रमाची, परीक्षांची किंवा शिक्षकांच्या तयारीची असते. या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत असे कोण म्हणेल? तथापि, श्रोतेहो, मला आज निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी मुलाजवळ काही गणित असतेच. ते घरचे असते, बाजारचे असते, शेताच्या बांधावरचे असते. त्या गणिताशी शाळेच्या गणिताने ओळख ठेवली काय, हा तो प्रश्न. त्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण नागपूर आणि सीहोर या दोन गावांत घडले आहे.

प्रथम घरच्या गणिताविषयी. आज सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांना दिवेलागणीचा परवचा आठवत असेल. साध्या पाढ्यांच्या मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. हिंदी मुलुखातील मुलेही हेच म्हणत असत. त्यांच्याकडे पौआ, अद्धा, पौना, सवैया, डेढा, अढैया आणि हूंठा. औट आणि हूंठा हे शब्द कानाला परके वाटतात खरे, पण दोन्ही एकाच आजीची नातवंडे आहेत. संस्कृतातील 'अर्धचतुर्थ' या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने दोन्ही आले. अर्धचतुर्थ म्हणजे चौथ्याचे अर्धे. तीन पुरे झाले आणि चौथे अर्धे झाले. 'अडीच' हाही 'अर्धतृतीय' या शब्दाचा वंशज, तिसऱ्याचे अर्धे. जर्मन माणूस साडेतीन वाजले हे सांगताना आजही 'अर्धे चार' असेच म्हणतो. मोजणाऱ्या माणसाचे मन सगळीकडे सारख्याच वाटेने चालते, याची अशी साक्ष शब्दांत राहून जाते.

या पाढ्यांचा उपयोग केवळ स्मरणशक्तीच्या व्यायामापुरता नव्हता. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पया तीन. म्हणजे रुपयाच्या पया एकशे ब्याण्णव. साडेतीन आणे शेर दराने सतरा शेर जिन्नस घेतला तर सतरा औटे साडेएकोणसाठ आणे, म्हणजे तीन रुपये साडेअकरा आणे. हा हिशेब दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या होत असे. भाताच्या या मुलुखात धान्याची खंडी वीस कुडवांची. तिचे पाव, निम्मे, पाऊण करणे हा खळ्यावरचा नित्याचा व्यवहार होता. पंतोजीच्या शाळेने हे गणित धूळपाटीवर गिरविले आणि घोकून घेतले. पंतोजीच्या छडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती नको. त्याचे खरे उणे छडीत नव्हते. सतरा औटे साडेएकोणसाठ का, हे त्याने कधी सांगितले नाही, आणि विचारण्याची मुभाही दिली नाही, हे ते उणे.

'का' सांगणारी विद्या आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० सालचा. चाळीसगावाजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या व त्यांच्या कुळातील ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून एक मठ स्थापन केला, आणि त्या मठास मिळालेल्या देणग्या या लेखात नोंदविल्या आहेत. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. मात्र कोणत्या मालाच्या विक्रीतून मठाला काय द्यावयाचे, हा शेवटचा तपशील मराठीत आहे. मला या लेखाचे फार नवल वाटते. गणिताचे शास्त्र संस्कृतात आणि त्या शास्त्राच्या खर्चाचा हिशेब मराठीत! सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या एका दगडावर आपल्या गणितशिक्षणाची फाळणी जणू आधीच कोरून ठेवली आहे. पुढे पंडिताजवळ उपपत्ती राहिली, पंतोजीजवळ पाढे राहिले, आणि दोघांच्या दरम्यान फारसे जाणे-येणे उरले नाही.

ही भिंत फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. १८२२ साली तेथे शाळा व शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी निघाली. तिचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनिअर. हटन नावाच्या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथाच्या आधारे त्यांनी त्याच दशकात पंडितांच्या साहाय्याने अंकगणित, बीजगणित व भूमिती मराठीत आणली. पुढे हेच जर्व्हिस मुंबईच्या शिक्षण मंडळाचे सभासद असताना, १८४७ च्या सुमारास, वरचे शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून असा वाद पेटला. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते. त्यांच्या विरुद्ध जर्व्हिस उभे राहिले, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह मंडळाचे देशी सभासद जर्व्हिस यांच्या बाजूने होते. उच्च शिक्षणापुरता विजय शेवटी इंग्रजीचाच झाला. तरीही पदवी नसलेले केरो लक्ष्मण छत्रे मराठीत गणिताची पुस्तके लिहीत पुण्यास गणिताचे प्राध्यापक झाले, आणि त्यांच्या शिष्यांत बाळ गंगाधर टिळक निघाले. मुंबई-पुण्याचा हा इतिहास आपणांस परिचित आहे. त्याच सुमारास विंध्याच्या पायथ्याशी जे घडत होते, ते मात्र मराठी वाचकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहे.

भोपाळ संस्थानासाठी नेमलेला इंग्रज राजकीय प्रतिनिधी तेव्हा सीहोर येथे राहत असे. लॅन्सलॉट विल्किन्सन हे ते गृहस्थ. त्यांनी तेथील पाठशाळेकडे लक्ष घातले, तेव्हा पृथ्वी सपाट आहे आणि ती शेषावर टेकली आहे असे मानणाऱ्या शास्त्र्यांना कोपर्निकसचे मत कसे पटवावे, ही अडचण त्यांच्यापुढे आली. दुसऱ्या कोणी युरोपातील पुस्तके पुढे ठेवली असती. विल्किन्सन यांनी भास्कराचार्य पुढे ठेवले. पृथ्वी गोल आहे, ती निराधार आहे, ग्रहणे छायेने होतात, हे शिरोमणीच्या गोलाध्यायात सप्रमाण सांगितलेलेच आहे. तुमच्याच आचार्यांनी हे सिद्ध केले आहे. तेथपर्यंत या, पुढची एक पायरी आपण मिळून चढू, अशी त्यांची भूमिका होती. १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, देशी शिक्षणात सिद्धान्तग्रंथांचा उपयोग कसा करावा, या विषयावर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. १८३६ साली त्यांच्या पाठशाळेतील सुबाजी बापू या पंडिताने 'शिरोमणिप्रकाश' नावाचे पुस्तक लिहिले. पुराणांची, सिद्धान्तांची आणि कोपर्निकसची विश्वरचना शेजारी शेजारी ठेवून तपासणारे हे पुस्तक मराठीत आहे! सीहोर आज मध्य प्रदेशाच्या हिंदी मुलुखात मोडते. तेथे मराठीत असे पुस्तक निघावे, यावरून त्या काळी विद्येच्या सीमा आजच्या राज्यांच्या सीमांवरून जात नव्हत्या एवढे दिसते.

मेकॉले यांचे शिक्षणविषयक टिपण १८३५ चे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. पूर्वेच्या ग्रंथांत शिकविण्याजोगे काही नाही असा निर्णय कलकत्त्यात होत असताना सीहोरचा हा अंमलदार त्याच ग्रंथांच्या शिडीने विद्यार्थ्यांना वर चढवीत होता.

याच वेळी नागपुरास भोसल्यांचे राज्य होते. आजच्या बालाघाट जिल्ह्याचा लांजीकडील दक्षिण भाग त्याच राज्यात मोडत असे. मूळचे गोदातीरावरील घराणे, १८२१ साली पुण्यात जन्म, आणि शिक्षण नागपूरच्या मराठी शाळेत, असा एक मुलगा तेथे होता. नाव नृसिंह, घरचे नाव बापू. मराठी शाळेतील अंकगणित झाल्यावर नागपुरातच धुंडिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांपाशी तो 'लीलावती' व 'बीजगणित' शिकला. मराठी शाळा, हिंदीभाषी गुरू आणि संस्कृत ग्रंथ! १८३८ साली विल्किन्सन यांची दृष्टी या तरुणाकडे गेली आणि त्यांनी त्यास सीहोरला नेले. तेथे सेवाराम या पंडितांनी त्याला युक्लिडची भूमिती शिकविली. १८४२ च्या सुमारास हा तरुण काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणिताचा अध्यापक झाला, आणि पुढे महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री या नावाने देशात व देशाबाहेर ओळखला गेला.

बापूदेवांचे कार्य येथे सविस्तर सांगावयास अवकाश नाही. विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी संशोधिले, स्वतः सूर्यसिद्धान्त इंग्रजीत आणला, आणि ही दोन्ही १८६१ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. १८५८ साली त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, ग्रहाची 'तात्कालिक गती' काढताना भास्कराचार्यांनी जी रीत वापरली आहे, तिच्यात विकलनाचे मूळ तत्त्व आहे. लंडनच्या स्पॉटिस्वुड यांनी १८६० साली त्यास उत्तर दिले; साम्य मान्य केले, पण दावा अतिव्याप्त ठरविला. हा वाद आजही गणिताच्या इतिहासकारांना पुरला आहे. माझ्या मते वादाच्या निकालापेक्षा वादाची पातळी अधिक बोलकी आहे. नागपूरच्या मराठी शाळेतून निघालेला मनुष्य लंडनच्या गणितज्ञाशी बरोबरीच्या नात्याने बोलत होता, आणि तेही आपली घरची पुंजी टाकून न देता.

आपल्या आजच्या विषयाशी अधिक जवळची गोष्ट आणखी एक आहे. बापूदेवांनी १८५० साली शाळांसाठी बीजगणिताचे पुस्तक लिहिले ते हिंदीत, आणि वायव्य प्रांताच्या सरकारने त्याबद्दल त्यांना बक्षीस दिले. म्हणजे उत्तरेकडील हिंदी मुलांच्या हाती नव्या धर्तीचे बीजगणित प्रथम ज्यांनी दिले, त्यांत एक मराठी गणिती होता. काशीत त्यांच्या मागून त्यांच्या जागी आलेले सुधाकर द्विवेदी यांनी १८८६ साली 'चलन-कलन' हा कलनशास्त्रावरील ग्रंथ हिंदीत लिहिला. विसाव्या शतकात त्याच काशीत, हिंदू विद्यापीठात, कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर १९३२ पासून गणित विभागाचे प्रमुख होते. मराठी आणि हिंदी यांचा गणितापुरता संबंध हा असा देण्याघेण्याचा आहे. सीमाप्रश्नाच्या आवेशात तो विसरला जातो.

विल्किन्सन १८४१ साली वारले आणि सीहोरच्या प्रयोगामागचा माणूसच नाहीसा झाला. दिल्ली महाविद्यालयातील मास्टर रामचंद्र यांनी १८५० साली महत्तम व लघुतम मूल्यांची उदाहरणे कलनाचा आधार न घेता केवळ बीजगणिताने सोडविणारा ग्रंथ इंग्रजीत काढला. लंडनचे प्रसिद्ध गणिती डी मॉर्गन यांनी १८५९ साली तो स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापविला. हिंदुस्थानी बुद्धीची बीजगणिताची जी परंपरागत आवड आहे तिच्याच आधारे तेथील गणित पुन्हा उभे करावे, असे त्या प्रस्तावनेचे तात्पर्य. विल्किन्सन यांचेच म्हणणे हे. पण तोपर्यंत, १८५७ साली, तीन विद्यापीठे इंग्रजी परीक्षांच्या पायावर उभी राहिली होती.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निघाला, आणि १८६७ साली भंडारा, मंडला व शिवणी या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा करण्यात आला. प्रांतातील महाविद्यालये आधी कलकत्ता विद्यापीठाच्या, १८८७ नंतर अलाहाबादच्या, आणि १९२३ पासून नागपूरच्या परीक्षांना बसू लागली. प्राथमिक शाळेत मराठी किंवा हिंदी, वर गेल्यावर इंग्रजी, अशी ही उतरंड होती. युक्लिडच्या प्रमेयांना क्रमांक होते आणि विद्यार्थी क्रमांकासह प्रमेय मुखोद्गत करीत. पंतोजीच्या शाळेत पाढे पाठ होते, हायस्कुलात उपपत्ती पाठ झाली! 'का' चे उत्तर पुस्तकात छापलेले होते, पण परकी भाषा आणि परीक्षेची धास्ती यांच्या जोडीने तेही घोकण्याचाच विषय झाले. नव्या शिक्षणाने जुन्याचा दोष घालविला असे ज्यांना वाटते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात चक्र उलट फिरविण्याचा उद्योग झाला. नागपूर विद्यापीठाने हिंदी व मराठी ही माध्यमे स्वीकारली. डॉ. रघुवीर यांची संस्था तेव्हा नागपुरात होती, आणि प्रांतिक सरकारच्या पाठिंब्याने त्यांनी हजारो शास्त्रीय संज्ञा संस्कृत धातूंपासून घडविल्या. मराठी व हिंदी दोन्ही भाषांत एकच संज्ञा चालावी, ही त्यामागील कल्पना. रघुवीरांच्या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली आणि त्यांतील काही शब्द थट्टेस पात्रही होते. पण दोन भाषांच्या विद्यार्थ्याला एकच पारिभाषिक शब्द मिळावा, या कल्पनेत हसण्यासारखे काय आहे, ते मला अद्याप उमगलेले नाही. बालाघाटसारख्या जिल्ह्याला तर ती वरदान ठरली असती.

ते व्हावयाचे नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा गोंदिया होते, मुंबई राज्यात गेला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सागरचे विद्यापीठ १९४६ पासून होतेच, जबलपूरचे १९५६ साली निघाले, आणि २०१९ साली छिंदवाड्यास विद्यापीठ झाले तेव्हा बालाघाट त्याच्या कक्षेत आले. वाघ नदीच्या दोन तीरांवरील परिभाषा आता दोन राजधान्यांतून येऊ लागली. त्याचा परिणाम वरच्या वर्गांत कसा दिसतो ते पाहावे. कलनशास्त्रातील दोन मुख्य क्रियांना मराठीत 'विकलन' आणि 'संकलन' म्हणतात. हिंदीत त्यांनाच 'अवकलन' आणि 'समाकलन' म्हणतात. सुधाकर द्विवेदींचा 'चलन-कलन' हा शब्द तिसराच. आणि लीलावती उघडली तर तेथे 'संकलित' म्हणजे नुसती बेरीज व 'व्यवकलित' म्हणजे वजाबाकी! बालाघाटचा विद्यार्थी बारावीपर्यंत 'समाकलन' करतो. पदवीसाठी गोंदियास किंवा नागपुरास आला, तर वर्गसोबत्याच्या तोंडी 'संकलन' ऐकतो, आणि पाठ्यपुस्तकात या दोहोंना विसरून इंग्रजी शब्द शिकतो.

१९५६ च्याच घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. सीमा आखणाऱ्यांना सीमेवरील मुलांची आठवण होती, हे यावरून स्पष्ट आहे. पण खैरलांजी, किरनापूर, लांजी या भागातील मराठी वा पोवारी बोलणारी बहुतेक मुले हिंदी शाळेतच गणित शिकतात, आणि बैहरच्या पठारावरील गोंड व बैगा मुलांची गोष्ट तर याहून बिकट आहे. गोंडीत तीनला 'मुंड' आणि चारला 'नालुंग' म्हणतात. हे शब्द तेलुगू-तमिळच्या कुळातले. त्या मुलाला मराठी आणि हिंदी दोन्ही सारख्याच दूर.

इकडे घरच्या गणितालाही ओहोटी लागली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले, त्यापाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्राम आले. दशमान पद्धती उत्तम आहे, तिच्याविरुद्ध मला काही म्हणावयाचे नाही. परंतु आण्यांबरोबर औटकी गेली. तिच्या जागी घरात बसून शिकता येईल असे दुसरे काही आले नाही. संध्याकाळचा परवचा थांबला, आणि आईबाप गणिताच्या कामातून मोकळे झाले. त्या घटनेची नोंद कोणत्याही शिक्षण आयोगाने घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. १९६४ ते ६६ मधील कोठारी आयोगाने गणित पहिली दहा वर्षे सर्वांना आवश्यक केले. ते योग्यच झाले. पण आवश्यक करणे वेगळे आणि आपलेसे करणे वेगळे.

आजची स्थिती काय? 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत ग्रामीण मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागावयास सांगतात. देशभरातील पाचवीच्या मुलांपैकी २०१८ साली २७.८ टक्क्यांना हे जमले, २०२२ साली २५.६ टक्क्यांना, आणि २०२४ साली ३०.७ टक्क्यांना. पाचवीतील दर दहा मुलांमागे सात मुले भागाकाराच्या दारात अडून राहतात. याच मुलांतून पुढे विद्यापीठांना गणिताचे विद्यार्थी निवडावयाचे असतात. तेथील पदवीधर पुन्हा याच शाळांत शिक्षक होतात. विद्यापीठाची आणि शाळेची दुरवस्था या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत.

अशा वेळी भाषेकडे लक्ष देणारा एक प्रयत्न २०१९ साली महाराष्ट्रात झाला, आणि त्याचे स्वागत आपण कसे केले हे आठवावे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस ही संख्या 'वीस एक' अशी वाचण्याची रीत दिली होती. 'एकवीस' मध्ये एक आधी ऐकू येतो आणि वीस मागून. म्हणून लहान मूल २१ च्या जागी १२ लिहिते. दक्षिणेकडील भाषांत ही अडचण नाही, तेथे वीस आधी येतात. समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. काशीच्या ज्या नारळीकरांचा उल्लेख वर आला त्यांच्याच त्या सूनबाई. जुनी नावे रद्द केलेली नाहीत, मुलाला सोपे पडेल ते त्याने वापरावे, असा खुलासा त्यांनी केला. तरी विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत टिंगलीला ऊत आला. भाषा बुडाली, असा सूर निघाला. 'त्र्याहत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांच्यावर माझेही प्रेम आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला चढण्यासाठी एक लाकडी पायरी ठेवली तर वाडा पडत नाही. विल्किन्सन यांनी शास्त्र्यांसाठी जे केले, तेच नारळीकर बाईंनी दुसरीतील मुलासाठी केले. त्यांचे २०२३ साली निधन झाले.

माध्यमाचा प्रश्न आता पुन्हा वरच्या थरावर आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला. मध्य प्रदेशाने २०२२ साली वैद्यकाची पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत काढली. हा उत्साह चांगला आहे. मात्र बालाघाटच्या दक्षिण तालुक्यांपुरती मागणी याहून कितीतरी लहान आणि स्वस्त आहे. पहिली ते दहावीच्या गणितात असे किती शब्द आहेत की जे मराठीत एक आणि हिंदीत दुसरे आहेत? बेरीज-जोड, वजाबाकी-घटाना, अपूर्णांक-भिन्न, शेकडेवारी-प्रतिशत, वर्तुळ-वृत्त, काटकोन-समकोण, चक्रवाढ-चक्रवृद्धी. मोजले तर दीड-दोनशे भरतील. गोंडी शब्दांसाठी तिसरा रकाना घालावा. अशी यादी सोळा पानांत मावते. दोन्ही राज्यांची पाठ्यपुस्तके सरकारीच आहेत. त्यांच्या शेवटी ही सोळा पाने जोडण्यास ना कायदा लागतो, ना आयोग. लांजीचा किंवा आमगावचा एखादा शिक्षक उन्हाळ्याच्या सुटीत ती तयार करू शकेल, आणि नदीच्या दोन्ही तीरांवर ती चालेल.